इस्त्रीखाली अर्धा झालेला खळगा

मी एक खळगा बोलतोय. रस्त्यातला नव्हे, एका ताऱ्याच्या प्रकाशातला. पण माझी गोष्ट सुरू होते ती सासूबाईंनी देवापुढे धरलेल्या नेमापासून.

"सूनबाईचं हे नक्की ठरेपर्यंत 'ग्रह' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही," असं त्या हात जोडून बोलून गेल्या होत्या. कारणही तसंच होतं. सूनबाई दुर्बिणींच्या नोंदींत नवे ग्रह शोधते. मागच्या खेपेला तिला असाच एक खळगा मिळाला, सासूबाईंनी आनंदाच्या भरात अख्ख्या इमारतीत सांगितलं, आणि मग कळलं की तो खळगा शेजारच्याच ताऱ्याचा, ग्रहाचा नव्हेच. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय, तुमचा ग्रह बरा आहे ना?"

माझा जन्म फार लांबचा, एका तारकागुच्छातला. तारकागुच्छ म्हणजे एकाच ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांचं भरलं घर. सगळी भावंडं साधारण एका वयाची. एकट्यादुकट्या ताऱ्याचं वय सांगणं अवघड, पण कुटुंबाचं कळतं. म्हणून सूनबाई तिथेच शोधायची. तिथं ग्रह मिळाला तर तो तान्हाच असणार, आणि तान्हे ग्रह फारसे कुणी पाहिलेले नाहीत. माझ्या ताऱ्यासमोरून दर ठरावीक दिवसांनी काहीतरी जातं, तेवढा वेळ उजेड जरासा कमी होतो, मग पुन्हा भरून येतो. पडद्यावरच्या रेषेत तिथं जो खड्डा दिसतो, तो मी.

पण तरुण तारा कधी स्वस्थ बसतो का? अंगावर मोठाले डाग, त्यात गरगर फिरणं. उजेड सारखा वरखाली. त्या लाटा सपाट करायला सूनबाईनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. ती त्याला 'इस्त्री' म्हणायची. इस्त्री फिरली आणि मी उघडा पडलो.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी सरळ नजरेनं पाहिलं नाही.

पहिला संशय शेजाऱ्यावर. दाट वस्तीत दोन तारे एकाच ठिपक्यात मिसळतात. मग मोठ्या दुर्बिणीतून माझ्या वेळेला दोघांना वेगवेगळं पाहिलं. शेजारी जागचा हलला नाही, मंद झाला तो माझाच तारा. दुसरा संशय डागांवर. डाग लाल आणि निळ्या उजेडात वेगवेगळा वागतो, म्हणून दोन्ही रंगांत मला मोजलं. मी सारखाच भरलो. समोरून जाणाऱ्याचं वजन करून एकदाचा निकाल लावावा, तर त्याच्या ओढीनं तारा किती डोलतो ते मोजावं लागतं, आणि तारा इतका चुळबुळ्या की ते जमेना. उरलं ते एवढंच, की बाकीच्या शक्यता एकेक करून खोडायच्या.

"तुझं ते कसं आहे?" भाजी निवडता निवडता सासूबाई विचारायच्या.

"चौकशी चालू आहे, आई."

"पुन्हा शेजाऱ्यांचं नाही ना निघणार?"

"आता तर मला त्याच्या सावलीचाही भरवसा वाटत नाही."

मग एका सकाळी जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये तिच्या सरांचा चेहरा आला. "एक सोडून एक बघ," ते म्हणाले. "हा खोल, हा उथळ. पुन्हा खोल, पुन्हा उथळ. एकमेकांना आळीपाळीनं झाकणारे दोन तारे आहेत हे. सोडून दे."

"सर, चार दिवस द्या."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस. तुझ्या नोकरीची मुदत वाढवायची की नाही, ते आता ठरायचंय. पुन्हा तोंडघशी पडलीस तर माझ्या हातात काही राहणार नाही."

खरं सांगतो, मलाही स्वतःचा संशय यायला लागला. मी उथळ कधी झालो?

सूनबाईनं लॅपटॉप पुढ्यात घेतला. सासूबाईंनी शेजारी खुर्ची ओढली.

"शेजारी तपासला, डाग तपासले," सूनबाई पुटपुटली. "तपासायची राहिलेय ती मीच."

तिनं सपाट केलेली रेषा बाजूला सारली आणि मूळची, सुरकुतलेली रेषा उघडली. तिथं मी दर फेरीला तेवढाच खोल होतो. ताऱ्याची गिरकी आणि माझी फेरी यांचा मेळ असा, की दर दुसऱ्या फेरीला मी नेमका लाटेच्या वळणावर यायचो. तिथं इस्त्री मलाच सुरकुती समजायची आणि अर्धा पुसून टाकायची. सूनबाईनं तिला बजावलं, इथं हात लावायचा नाही, आजूबाजूचं तेवढं सपाट कर. मग सगळे खळगे एका मापाचे झाले.

सरांनी आपली वेगळी इस्त्री फिरवून पाहिली आणि मग फोन केला. "शंका घ्यायची सवय माझी जात नाही. पण घ्यायला आता जागाच ठेवली नाहीस तू. लेख पाठव. मुदतीचं मी बोलतो."

फोन ठेवून सूनबाई म्हणाली, "आई, आता म्हणा."

सासूबाईंनी हात पुसले, चष्मा चढवला. "आधी बिनइस्त्रीचं दाखव."

एकेका खळग्यावर बोट ठेवत त्यांनी सगळी रेषा पाहिली. मग बाळ झोपलेलं असावं इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "ग्रह."

आता मी एका लेखातलं छोटंसं चित्र आहे. उद्या आणखी कुणी दुर्बीण रोखेल, पुन्हा संशय घेईल. घेऊ दे. तुमच्याकडे मागणं एवढंच, की तुमच्या घरीही कुणी असं काही शोधत असेल, तर सासूबाईंसारखा नेम धरा. ओठांवर आलेला शब्द थोपवा, त्या माणसाचं भलं चिंतत राहा, आणि बोलायच्या आधी बिनइस्त्रीचं एकदा पाहायला मागा.