हातांनी पाहिलेली कॅडिलॅक

निशिकांत जन्मापासून आंधळा. पुण्यातल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच धाकट्या बहिणीकडे, क्षिप्राकडे, सिंगापूरला आला होता. शनिवारी ती गाडीचा एसी दुरुस्त करून घ्यायला तोआ पायोह भागातल्या गॅरेजात निघाली, तेव्हा फ्लॅटमध्ये एकटं बसण्यापेक्षा बरं म्हणून तोही निघाला.

गॅरेजचे मालक कोह अंकल सत्तरीचे. त्यांनी निशिकांतला खुर्ची दिली, हातात थंड चहा दिला. तेवढ्यात मागच्या बाजूला कुणीतरी एक इंजिन सुरू केलं. त्याचा आवाज कानांच्या आधी पायांच्या तळव्यांना कळला. घरघर नाही, खडखड नाही. एखादा धिप्पाड माणूस शांतपणे खर्जात बोलत असावा तसा.

"क्षिप्रा, कसली गं ही गाडी?"

तिने अंकलना इंग्रजीत विचारलं. "अमेरिकन! कॅडिलॅक, अठ्ठ्याहत्तर सालची," अंकल खुलले. "चालवत नाही मी, नुसती जपतो. बघणार?" आणि आपण काय बोलून गेलो हे कळून त्यांनी जीभ चावली.

"बघणार की!" निशिकांत हसला. "हात लावला तर चालेल?"

"कॅन, कॅन! चालेल की, हवा तेवढा वेळ घे."

इंजिन बंद झालं. निशिकांतने घड्याळ आणि अंगठी काढून क्षिप्राकडे दिली, कुठे ओरखडा नको म्हणून. हात धुऊन कोरडे केले.

आजवर तो कितीतरी गाड्यांत बसला होता. पण गाडी म्हणजे त्याच्या लेखी एक हँडल, एक सीट आणि उतरताना डोक्याला लागणारी कड. रस्त्यावरच्या गाडीवरून हात फिरवला की कुणीतरी खेकसायचं. गाडी सुरू कुठे होते आणि संपते कुठे, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

त्याने पुढच्या बंपरपासून सुरुवात केली. क्रोम गार, गुळगुळीत, त्याच्या मांडीएवढं जाड. त्यावर उभी जाळी. बॉनेटच्या टोकाला बोटभर उंचीचं एक नाजूक, शोभेचं कडं उभं होतं. धक्का लागताच ते झुकलं आणि आपोआप सरळ झालं. निशिकांतने दचकून हात मागे घेतला, मग पुन्हा हळूच झुकवून पाहिलं. पुढे बॉनेट. उबदार, सपाट, आणि संपेचना. तो चालतोय, हात सरकतोय, तरी काच येत नव्हती.

"दादा, अजून अर्धीही झाली नाही," क्षिप्रा म्हणाली.

टपावर हात गेला आणि तो थबकला. "अगं, हिच्या टपाला गादी आहे!" खरंच, पत्र्यावर मऊ, शिवण घातलेलं आवरण होतं. घराच्या छपरावर कुणी दुलई घालावी तसं.

मागच्या चाकाच्या वर बोटांना काहीतरी वळणदार लागलं. उठावदार अक्षरं, पण त्याला माहीत असलेली सुटी अक्षरं नव्हेत. एकातून दुसरं निघालेलं, हात न उचलता.

"तिचं नाव आहे. कूप द व्हिल," अंकल म्हणाले. "धावत्या अक्षरात लिहिलंय."

निशिकांत खाली वाकला. माणसं कागदावर असं लिहितात? आयुष्यभर ज्या अक्षराचं 'सुंदर', 'गिचमिड' असं वर्णन ऐकलं, ते असं असतं? तो परत परत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट नेत राहिला. कुणीच घाई केली नाही. क्षिप्राने मात्र हळूच फोन काढला आणि लेकीला कळवलं, "इरा, आम्हाला उशीर होईल. तू जेवून घे."

डिकीच्या शेवटी पोचल्यावर त्याने दोन्ही हात टेकले आणि उभा राहिला. एवढी मोठी वस्तू पहिल्यांदाच त्याच्या मनात अख्खी मावली होती.

अंकलनी दार उघडून त्याला डाव्या बाजूला, अमेरिकन गाडीच्या स्टिअरिंगपुढे बसवलं. सीटमध्ये तो सोफ्यात रुतावा तसा रुतला. ते स्वतः शेजारी येऊन बसले आणि त्याचा हात किल्लीवर ठेवला.

"गिअर पार्कवर आहे. फिरव."

इंजिन जागं झालं. "आता पायाने ॲक्सिलरेटर दाब. जरासाच."

त्याने दाबलं, आणि एवढं ते अजस्र धूड एका कुशीवर कललं, पाय उचलताच पुन्हा सरळ झालं. आपल्या पायाच्या अंगठ्याने हे हललं?

अंकलनी विचारलं, "पुन्हा?"

त्याने मान डोलावली आणि पाय दाबला.