पाठमोऱ्या माणसांची पटाशी

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे. लाकूड कोरायचं हत्यार. ट्रकच्या कमानीचा एक तुटका पाटा होता. मुरबाडच्या लोहाराने तो तापवून, ठोकून मला घडवलं. खैराची मूठ बसवली ती भगीरथने. तेव्हापासून मला त्याचाच हात ठाऊक आहे.

भगीरथ वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावर राहतो. आधी आम्ही दारांच्या चौकटी करायचो. मग माळशेजच्या रस्त्यावर अनिलचं दुकान निघालं, त्याच्यासाठी हत्ती आणि गणपती करू लागलो. ते खपायचेही.

एका उन्हाळ्यात वावटळीत शिवणीचं झाड पडलं. भगीरथने त्यातून एक बाई कोरली. डोक्यावर मोळी, ताठ मान, पाठीवर लुगड्याच्या चुण्या. पुढची बाजू मात्र त्याने सालीसकट तशीच ठेवली.

अनिल म्हणाला, "हिला तोंडच नाय."

"नाय."

"मग गिऱ्हाईक बघणार काय?"

"आमी रानातून येतो ते एकामागं एक. पुढच्याची पाठच दिसते. मला माणसं तशीच ठाव हायेत."

शेजारची मंगळी हंडा घेऊन चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "ही गिरजा ना रे? खांदा बघ, तिचाच."

ती आमच्या पाड्यावरची गिरजाच होती. त्या दिवसापासून भगीरथने हत्ती सोडले. आम्ही पाठी कोरू लागलो. औताच्या मागे चाललेला चंदर, टोपली घेतलेली मंगळी, काठी टेकत निघालेला म्हातारा कमळू. पाड्यावरची माणसं प्रत्येकाला ओळखायची. पुढे मुंबईत या पाठींचं प्रदर्शन भरलं, भगीरथने मलाही नेलं, पेपरात फोटो आला. लोक मला हातात घेऊन बघायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग भाद्रपदात भगीरथची बायको सावळी तापाने फणफणली. तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

भगीरथ रडला नाही. वाढलं की जेवायचा, कोणी हाक मारली की ओ द्यायचा. भात कापून झाला, झोडून झाला. मी फळीवर होते. माझ्यावर गंज चढला, तो त्याला दिसला नाही.

थंडीत त्याने मला उचललं आणि शिवणीचा एक ओंडका अंगणात उभा केला. मोळी झाली, मान झाली. खांद्यापाशी त्याचा हात थांबला. रोज तो बसायचा, मला लाकडावर टेकवायचा आणि तसाच राहायचा. त्या हातात जोर नव्हता आणि कंपही नव्हता. लाकडाला लाकूड लागावं तसं मला वाटायचं.

त्याची मुलगी हर्षाली कल्याणला नर्स आहे. ती सुट्टीला आली. तिने ओंडका पाहिला.

"आय हाये ना ही?"

"व्हय."

"मग थांबलास का बाबा?"

भगीरथने मला मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "साऱ्या गावाची पाठ बघितली मी. तिची नाय बघितली. मी कायम पुढं चालायचो, ती मागं."

हर्षालीने पडवीतली मोळी डोक्यावर घेतली आणि अंगणातून चालू लागली.

"मी तिच्या मागं असायची. ती अशी चालायची. डावा हात मोळीला. आणि उजवा असा मागं, उघडा."

"मागं का?"

"मला धरायला."

भगीरथ बघत राहिला. मग म्हणाला, "परत चाल गो."

ती परत चालली. तिच्याकडे बघतच त्याने मला धार लावली.

आम्ही तो तळवा सगळ्यांत शेवटी कोरला. ते झाल्यावर भगीरथने मला खाली ठेवलं, उठला आणि सावळीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्या उघड्या तळव्यात त्याने आपली बोटं ठेवली. चेहरा कोरडाच होता. हर्षालीने जेवायला हाक मारली, तरी त्याने हात काढला नाही.

त्यानंतर त्याने दुसरं काही कोरलेलं नाही. तो पुन्हा कोरेल की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या हत्यारांना तेल लावत जा, गंज पोलाद खातो. आणि आपल्या माणसांबरोबर वाटेने निघालात, तर कधीतरी त्यांना पुढे जाऊ द्या. ती कशी चालतात ते, ती चालत आहेत तोवर, नीट बघून घ्या.