किन्हीराजात आलेला समुद्र

मी एक जुनी लष्करी पाठपिशवी आहे. महायुद्ध जिंकण्यासाठी माझा जन्म झाला. पण माझे पट्टे शिवून होईपर्यंत ते युद्ध माझ्यावाचूनच जिंकले गेले, आणि मी अकोल्याच्या बाजारात जुन्या बुटांच्या ढिगाखाली येऊन पडले. मित्रांनो, पराक्रमाची संधी सगळ्यांनाच मिळते असे नाही.

तिथून मला किन्हीराजाच्या पुंजाजींनी उचलले. पट्ट्यांत दोन्ही हात घालून ते ऐटीत गावात शिरले, तेव्हा शेजारच्या मारोतरावांनी ओट्यावरूनच विचारले, "काहून रे पुंजा, बैल कमी पडले म्हून तूच खोगीर घातलं काय?"

पुढची काही वर्षे मी भाकरी, विळा आणि कपाशीचे बी वाहिले. कोणी माझे कौतुक केले नाही, पण उपाशीही ठेवले नाही.

मग पंचावन्न साली मालकांनी वाशीमच्या एका दुकानात समुद्राचे चित्र पाहिले आणि ते बिघडले. नदीला पलीकडचा काठ असतो, विहिरीला तर चहूबाजूंनी असतो. काठच नसलेले पाणी उभे कसे राहते, हे त्यांना पाहायचे होते. सुगी आटोपली होती. पण नुसते पाहायला म्हणून इतक्या लांब कोणी जाते, हे गावाला पटेना.

"तिकडं कोनी सोयरा हाय का? नाई. मंग जाऊन कायले राह्यला?" मारोतराव म्हणाले.

तोडगा मालकांच्या आईने, गोजराबाईंनी काढला. म्हातारीचे पाय गेले होते आणि एकही तीर्थ पदरात पडले नव्हते. ती म्हणाली, "समद्या नद्या शेवटी तिथंच जातेत नं? गंगा बी, गोदा बी, आपली पैनगंगा बी. मंग मले गडूभर समुद्र आन बाप्पा. समदे तीर्थ एका घोटात होतील." एवढ्यावर न थांबता तिने परतीच्या दिवशीच्या मावंद्याचे, म्हणजे तीर्थाहून आल्यावरच्या जेवणाचे, आवतणही देऊन टाकले. आता रिकाम्या हाताने परतायची सोय उरली नाही.

जऊळक्याहून रेल्वे, मग मुंबईहून आगबोट, असे आम्ही मालवणला पोचलो. माडांच्या राईतून वाट उतरली आणि समोर ते पाणी आले. मालकांनी हात जोडून डोळे मिटले. तेवढ्यात लाटेने त्यांची एक वहाण नेली. ते दुसरी हातात घेऊन लहान पोरासारखे हसत सुटले.

तीन दिवस त्यांनी दुसरे काही केलेच नाही. सकाळी लाटांत लोळायचे, दुपारी वाळूत पडायचे, संध्याकाळी सूर्य बुडाला की "गेला रे गेला!" म्हणून टाळ्या पिटायच्या. एकदाच त्यांच्यातला शेतकरी जागा झाला. "इतकं पानी," ते हळहळले, "अन् एक वावर भिजत नाई!"

निघायच्या दिवशी त्यांनी गडू भरला आणि खानावळवाल्या आवडाबाईंकडे शेण आणि माती मागितली. आमच्याकडे धान्याची कणगी शेणामातीने लिंपून बंद करतात. दाणा वर्षभर हलत नाही. त्याच हाताने मालकांनी गडूचे तोंड लिंपले. आवडाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो पावणे, त्यापेक्षा लाखेन बंद करा!"

"बाई, आमचे कणगे कधी गळले नाईत," मालक म्हणाले. ते खरेच होते. कणगीत पाणी भरून कोणी पाहिले नव्हते.

बोटीच्या हेलकाव्यांतच माझ्या पोटातल्या गडूचे लिंपण भिजले. मी थेंब थेंब समुद्र प्याले आणि उरलेला मालकांच्या पाठीवर सोडला. त्यांना वाटले, घाम.

घरी पंगत बसली होती. मालकांनी गडू काढला, तो उलटा केला, आणि त्यातून मातीचा एक खडा पडला. मालकांनी खाली घातलेली मान वर होईना.

"आना इकडं ते पिशवी," गोजराबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या तळाशी बोट घासले आणि जिभेला लावले. "खारट हाय! कुठं गेला नाई समुद्र, इथंच हाय. बुडवा तिले घंगाळात."

मला बुडवले, पिळले, आणि ते तांबूस पाणी पळीपळीने सगळ्यांच्या हातावर पडले. "काकी, याले वास येऊन राह्यला," मारोतराव कुरकुरले.

"मारोत्या, गंगा, गोदा, पैनगंगा समद्या हायेत त्यात. नाक धर अन् गीळ!"

मग म्हातारीने स्वतःची पळी घेतली. "झालं वं रुख्मिणी," ती सुनेला म्हणाली, "झाली माही काशी, झालं माहं रामेश्वर," आणि बोळक्या तोंडाने इतकी हसली की मालकांची मान आपोआप वर आली. मलाही हळदकुंकू लागले. युद्धात याहून मोठे काय मिळाले असते?

म्हणून मित्रांनो, जुनी पिशवी फेकू नका. तिला ऊन दाखवा, उसवली तर टाका घाला. कोणत्या शिवणीत कोणाचे तीर्थ अडकले असेल, सांगता येत नाही.

घंगाळात उरलेले तीर्थ रुख्मिणीने मोठ्या भक्तीने तुळशीला घातले. तुळस आठवड्यात वाळली.