वीस सह्यांचा कागद

कवळीताईचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत. ती त्यांत प्लॅस्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवत दिवस दिवस खिडकीपाशी बसायची. तिच्या डोक्यावरच्या फळीवर, बुटांच्या खोक्याएवढ्या पेटीत, तिचा ट्रान्समीटर होता. अर्धा वॅट. तीन गल्ल्यांपर्यंत आवाज खणखणीत जायचा, चौथ्या गल्लीत पोचेपर्यंत त्याला धाप लागायची.

हे खूळ सुरू झालं सासूबाईंपायी. नवी कवळी बसली की जीभ स्वतःच्याच घरात वाट चुकते. स म्हणायला जावं तर श निघतो, फ म्हणायला जावं तर नुसताच वारा. सासूबाई लाजेपायी चार महिने मुक्या होत्या. कवळी घालायच्या ती फक्त सुनेशी भांडायला. मग कवळीताईने रोज दुपारी चारला रेडिओवरून सराव घ्यायला सुरुवात केली. "म्हणा, सहा सशांनी शंभर शेंगा सोलल्या." तीन गल्ल्यांतल्या नव्या कवळ्या तिच्या मागोमाग म्हणायच्या. चुकलं तरी ऐकायला कुणी नाही, त्यामुळे लाज नाही. ज्यांचे दात शाबूत होते तेही ऐकायचे, फुकटची करमणूक म्हणून.

शहरात असे हौशी पंचवीस-तीस जण होते. मोठ्या इस्पितळासमोरचा इस्त्रीवाला, ज्यांना भेटायला कुणाला सोडत नाहीत अशा रोग्यांसाठी घरच्यांचे निरोप वाचायचा आणि गाणी लावायचा. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई उंच इमारतींच्या गच्चीवरून कबुतरं पाळणाऱ्यांना वारा कसा आहे ते सांगायची. आणि मास्तर. ते रोज एक गणित घालायचे आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. या सगळ्यांना कॉइल गुंडाळायला मास्तरांनीच शिकवलं होतं. कवळीताईची पहिली कॉइल त्यांनी तीनदा उकलायला लावली होती.

अशा विनापरवाना यंत्रांकडे रेडिओचे परवाने देणारं सरकारी खातं आजवर काणाडोळा करत आलं होतं. मग खात्याने नव्या नियमांचा मसुदा काढला. परवाना फक्त मोठ्या केंद्रांना. त्यांच्याखेरीज रेडिओवर जो कुणी बोलेल तो गुन्हेगार. यंत्र जप्त, वर तुरुंग. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हरकत असेल तर निदान वीस जणांची नावं, पत्ते आणि सह्या घेऊन एका प्रतिनिधीने सुनावणीला यावं. सुनावणीला नऊ दिवस उरले होते.

"म्हणजे आपण चोर नाही हे सांगायला आधी चोरीच्या मालाचा पत्ता लिहून द्यायचा," लिफ्टवाली म्हणाली.

सगळ्यांचं घोडं तिथेच अडलं होतं. कवळीताईने हातातली कामं बाजूला सारली आणि दारोदार फिरायला लागली. एक जण म्हणाला, बायकोला विचारतो. त्याची बायको म्हणाली, त्यांना विचारा. एकाने चहा दिला, तासभर खात्याला शिव्या दिल्या आणि सहीचं नाव काढताच त्याला अचानक कुठेतरी जायचं आठवलं. चार दिवसांत सह्या झाल्या सहा. इस्त्रीवाला आणि लिफ्टवाली यांचं तर वर्षभर बोलणं नव्हतं, कारण याची गाणी तिच्या वाऱ्याच्या बातम्यांवर चढायची. आधी तिने सही करावी, हा म्हणे. आधी त्याने, ती म्हणे. शेवटी कवळीताईने दोघांना इस्त्रीच्या टेबलापाशी उभं केलं, हातात दोन पेनं दिली आणि तीन म्हटल्यावर एकदम सह्या करायला लावल्या, त्याची कुणीच न घेतलेल्या पहिल्या ओळीवर, तिची अगदी तळाशी. ते बघून बाकीचे थोडे सैल झाले. आठव्या दिवशी कागदावर एकोणीस नावं होती.

विसावे राहिले मास्तर. तरुणपणी असाच ट्रान्समीटर चालवला म्हणून ते आठ महिने आत होते. त्या आठ महिन्यांबद्दल ते कधी बोलत नसत.

"पोरी, कागदावर नाव म्हणजे दारावर खूण," ते म्हणाले. "मी आता सत्तरीचा आहे. मला पुन्हा ते झेपायचं नाही."

"मास्तर, या नावांचा वापर आमच्याविरुद्ध करणार नाही, असं खात्याने लिहून दिल्याशिवाय हा कागद माझ्या हातून सुटायचा नाही. शब्द देते."

मास्तरांनी कागद जवळ ओढला. मग चष्मा लावला आणि पहिल्या ओळीच्या वर, समासात, जिथे जरा जागा होती तिथे गोल अक्षरांत सही केली.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या लांबलचक व्हरांड्यात कवळीताई सकाळी नऊपासून उभी होती. पुढे मोठ्या केंद्रांचे वकील, मागे आणखी वकील. तिचा नंबर लागला तो अडीचला. टेबलामागचा कारकून मान वर न करता म्हणाला, "यादी."

"आधी मला लेखी हवं आहे की..."

"बाई, तशी पद्धत नाही. यादी लावल्याशिवाय आत सोडता येत नाही."

"पण पत्ते आहेत त्यात."

"असायलाच हवेत." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "देताय, की पुढच्याला बोलावू?"

तिच्या मागचा वकील पुढे सरकला. नऊ दिवसांची पायपीट, ते चहा, त्या दोन पेनांनी केलेल्या सह्या, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. आत्ता परत फिरलं तर उद्यापासून सगळेच गुन्हेगार. तिने कागद टेबलावर ठेवला. कारकुनाने तो ओढला तेव्हा तिची बोटं क्षणभर त्याच्या कडेवर होती, मग नव्हती.

आत तिला तीन मिनिटं मिळाली. तिने दहा मिनिटांचं भाषण तयार केलं होतं, त्यातलं कुठलं तीन मिनिटांचं बोलावं ते तिला सुचेना. साहेब फाईल चाळत होते. ती कवळ्यांबद्दल बोलली तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेला एक जण हसला. "पुढे," साहेब म्हणाले.

सुनावणीनंतर सहाव्या दिवशी खात्याची गाडी निघाली. कागदावरची पहिली चार नावं, वरून खाली: मास्तर, इस्त्रीवाला आणि आणखी दोघे. मास्तरांचं नाव समासात होतं, म्हणून सगळ्यांत आधी. त्यांच्या घरून यंत्र, एरियल आणि चाळीस वर्षांच्या वह्याही नेल्या. इस्पितळातले रोगी दुपारभर खिडक्यांना कपाळ लावून इस्त्रीच्या दुकानाकडे बघत होते, असं इस्त्रीवाल्याने फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "ताई, तुमच्याकडे कधी येऊन गेले?"

"नाही आले."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी लिफ्टवाली दारातच उभी राहिली. "सगळ्यांत पुढे तू होतीस, मग तुझ्याकडे कसे आले नाहीत गं?"

"मी प्रतिनिधी. माझं नाव अर्जावर होतं, यादीत नव्हतं." ते ऐकायला कसं वाटतंय ते बोलता बोलता तिचं तिलाच कळलं.

"मास्तर म्हणाले मला. कागद हातून सोडणार नव्हतीस ना?"

लिफ्टवाली जिना उतरून गेली. वर्षभर न बोलणारे ती आणि इस्त्रीवाला दुसऱ्या दिवशी एकत्र बसलेले दिसले. कवळीताईने सगळ्यांना विकलं यावर त्यांचं एकमत झालं होतं.

मास्तरांचं दार उघडलं नाही. ती सलग तीन दिवस गेली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, म्हणजे माणूस आहे. तिने हाका मारल्या, विनवण्या केल्या, पायरीवर बसून राहिली. घरी आल्यावर मेणात दात बसवताना तिच्याकडून वरची दाढ खाली लागली. चार वाजले की ती फळीवरच्या पेटीकडे बघायची आणि बटण दाबायची तिला हिंमत व्हायची नाही.

"काय सांगतेस त्यांना दाराबाहेरून?" सासूबाईंनी विचारलं.

"की माझा नाइलाज झाला. की मला पुढे काय होईल ते ठाऊक नव्हतं."

"आणि ठाऊक होतं ना?"

कवळीताईने मेणाची सुरी खाली ठेवली. "होतं, आई. मनात आलं होतं. तरी दिला."

सासूबाई उठल्या. तिच्यापुढचं, मेण मऊ करायचं पाण्याचं भांडं उचलून त्यांनी ते आत नेऊन ठेवलं. त्यांचं असं उठून जाणं तिला लिफ्टवालीच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी फळीवरून काढली, पिशवीत घातली आणि थेट खात्याच्या कार्यालयात गेली. त्याच कारकुनापुढे पेटी ठेवली. "हा माझा ट्रान्समीटर. विनापरवाना. जप्त करा आणि पावती द्या."

कारकुनाने पेटीकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "स्वतःहून आणून द्यायची सोय नाही. जप्ती जागेवर जाऊन होते."

"मग माझ्या जागेवर या."

"तुमचं नाव यादीत नाही."

तिने हात टेकले आणि बाकावर जाऊन बसली. लोक येत होते, जात होते. कुणी तिला विचारलं नाही. चारला पाच मिनिटं असताना तिला बाकामागे, पंख्याच्या बटणाशेजारी, प्लग लावायची एक जागा दिसली. तिने वायर लावली, एरियलची तार खिडकीच्या गजाला गुंडाळली आणि माईक तोंडापाशी धरला.

"चार वाजले," ती म्हणाली. "आज मी खात्याच्या कार्यालयातून बोलते आहे. म्हणा, सहा सशांनी शंभर शेंगा सोलल्या."

ती म्हणत राहिली. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारा वकील नकळत ओठ हलवत होता. सातव्या मिनिटाला दोन शिपायांनी वायर उपसली. या वेळी पावती मिळाली, आणि पावतीवर गुन्ह्याचा नंबर.

गुन्हा नोंदला की आरोपीचं म्हणणं पूर्ण ऐकून लिहून घ्यावं लागतं, त्याला वीस सह्या लागत नाहीत. महिन्याभराने दुसऱ्या एका अधिकारी बाईंसमोर कवळीताई पाऊण तास बोलली. तिने स्वतःला वाचवायचा प्रयत्न केला नाही. "कागद मी दिला. पण तो हरकतीसाठी दिला होता, घरं शोधायला नाही. ते चार पत्ते खात्याला दुसरीकडून मिळाले असतील तर तसं दाखवा." अधिकारी बाई लिहीत होत्या. एकदा त्यांनी पेन थांबवून विचारलं, "या मास्तरांच्या वह्यांत काय होतं?"

"गणितं."

निकाल आला तो असा. चौघांवरचे गुन्हे मागे. हरकतीची यादी जप्तीला वापरणं गैर. यंत्रं मात्र परत मिळणार नव्हती, कारण ती मोडून टाकल्याची नोंद झाली होती. वह्या मिळणार होत्या. कवळीताईचा गुन्हा कायम, तिला दोन वर्षं यंत्र बाळगायला बंदी. आणि नियम जसेच्या तसे मंजूर. फक्त शेवटी एक ओळ जोडलेली: एक वॅटखालच्या हौशी प्रक्षेपकांच्या अर्जांचा यथावकाश विचार केला जाईल.

निकालाची प्रत घेऊन ती मास्तरांच्या दारात उभी राहिली. कडी वाजवली नाही. "मास्तर, मी शब्द मोडला," ती दाराला म्हणाली. "कुणी हिसकावला नाही. काय होईल ते मनात आलं होतं, तरी माझ्या हाताने दिला."

खुर्ची सरकली. दार उघडलं. मास्तर वाळले होते. त्यांनी प्रत घेतली आणि उभ्यानेच शेवटपर्यंत वाचली.

"यथावकाश म्हणजे कधी?"

"माहीत नाही."

"कुणी विचारलं?"

"अजून नाही. त्यासाठीच सगळ्यांनी आज इस्त्रीच्या दुकानात जमायचं म्हटलंय. येतीलच असं नाही. मला तर बोलावलेलंही नाही."

मास्तरांनी चपला घातल्या. दाराला कुलूप लावताना किल्ली नीट बसेना. ती पुढे झाली तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"मी येतो," ते म्हणाले. "पण तुझ्याशी बोलायला मला अजून जमत नाही. वाटेत बोलू नकोस."

ते पुढे निघाले. कवळीताई चार पावलं मागून चालत राहिली.