मामांचा कोमा

ह्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मी आपोआप सगळ्यांची मामी. हिरो कुणीही असो, त्याच्यामागे फाईल धरून उभा असलेला वकील, नाडी बघून मान हलवणारा डॉक्टर, भाचीचं लग्न मोडल्यावर खुर्चीत मटकन बसणारा मामा, हे सगळे म्हणजे आमचे हेच. रस्त्यात लोक अडवायचे, "तुम्ही ते... टीव्हीत... ते ना?" म्हणायचे. हे हसून म्हणायचे, "हो, तोच." मला राग यायचा, ह्यांना कधी आला नाही.

पाठांतरात मात्र ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालिकेची पानं सकाळी येतात आणि चहा संपायच्या आत शॉट लागतो. नव्या पोरांना कॅमेऱ्यामागून ओळ न् ओळ सांगावी लागते. हे एकदा वाचून कागद परत देत, वर समोरचा अडकला की त्याचीही ओळ हळूच पुरवत.

मग एकदा न्यायाधीश म्हणून शिक्षा सुनावताना हे आरोपीकडे नुसते बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, काय पॉज घेतलाय. घरी आल्यावर मला म्हणाले, "अगं, त्याने काय केलं होतं तेच मला आठवेना."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, सांगितलं की हे वाढतच जाणार. मी तोंडाला कुलूप लावलं. या धंद्यात पाय मोडला तर खुर्चीतला रोल लिहून देतात, पण "मामा हल्ली विसरतात" एवढं एका मेकअपरूममध्ये कुजबुजलं की फोन कायमचा गप्प होतो. आणि सेट सुटला तर हा माणूस घरात झिजून जाईल, हे मला दिसत होतं. मी फार घाबरले होते.

तेवढ्यात कोमाचा रोल आला. मला तर हायसं वाटलं. अपघातात सापडलेला बाप, नाकात नळी, हाताला चिकटपट्टीने लावलेलं सलाईन, आणि संवाद शून्य. हे दिवसभर पलंगावर पडून राहत आणि भोवती सगळं घर वाटणीवरून भांडे. एकदा चक्क घोरले, तर त्यावर मशीनची टिकटिक चढवली. सेटवर मीही बरोबर जायला लागले. "ह्यांच्या औषधांच्या वेळा असतात," म्हणून सांगितलं.

पण प्रेक्षकांचा जीव जडला. चॅनेलने फर्मान काढलं की बापाला शुद्धीवर आणा. लेखक स्वतः पानं घेऊन आला. मी म्हटलं, "अरे, शुद्धीवर आल्या आल्या माणूस एवढं बोलतो का?"

"मामी, आयुष्यभर मामांनी दोन ओळींवर भागवलं. आता दोन पानं देतोय तर तुम्हीच नको म्हणता?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. अशा दोन पानांची वाट ह्यांनी तरुणपणापासून पाहिली होती. स्वयंपाकघरात बसून आम्ही घोकलं, मी मुलगी झाले, वकील झाले, धाकटा भाऊसुद्धा झाले. तिसऱ्या ओळीच्या पुढे गाडी सरकेना.

शॉटच्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. मुलीचं काम करणारी पोरगी रडत वाकली. हे तिच्याकडे बघून म्हणाले, "तू कोण?"

पानात हे नव्हतं. आता बिंग फुटणार म्हणून मी पर्स उचलली, आणि दिग्दर्शक उडालाच. "बापाची स्मृती गेलीय. मामा, हे आम्हाला कसं नाही सुचलं?"

तेव्हापासून ह्यांना पानंच देत नाहीत. कॅमेरा लावतात आणि सोडून देतात. पेपरात नाव आलं, फोटो आला. रस्त्यात लोक नावाने हाक मारायला लागले आणि हे मागे वळून बघत नाहीत. "मामी, घरी सराव करतात का हो?" पोरगी विचारते. मी म्हणते, "हो, रात्रंदिवस."

काल बागेतला सीन होता. हे बाकावर बसले होते, पोरगी शेजारी. एकाएकी हे बावरले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "माझी बायको कुठे गेली? मला इथे बसवून गेली. ती आल्याशिवाय मी उठणार नाही." मग त्यांनी मला हाक मारली, माझ्या नावाने, लग्न झाल्यावर एकांतात मारायचे त्या नावाने. ते नाव सेटवर कुणालाच ठाऊक नाही.

दिग्दर्शकाने हाताने खूण केली, कुणी हलू नका. मी कॅमेऱ्याच्या मागेच उभी होते. मी हलले. खड्ड्यात गेला शॉट, खड्ड्यात गेली मालिका, कळायचं ते कळू दे सगळ्यांना. सरळ जाऊन ह्यांच्यापुढे बसले आणि दोन्ही हात धरले. म्हटलं, "अहो, ही काय मी. इथेच आहे."

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हात सोडवून घेतले आणि नवख्या माणसाला सांगावं तसं हलक्या, सभ्य आवाजात म्हणाले, "बाई, शॉट चालू आहे. जरा बाजूला होता का?"

सगळं युनिट हसलं. "मामांचं टायमिंग बघा," कुणीतरी म्हणालं. मीही हसले आणि बाजूला झाले.