छातीचं ऑपरेशन

अमर लहान होता तेव्हा त्याला पाण्यातून बाहेर काढणं हे त्याच्या आईचं, शकुनबाईचं रोजचं काम होतं. कोंढ्याला, त्यांच्या गावी, शेताच्या वरच्या अंगाला बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. शाळा सुटली की पोरगा दप्तर काठाच्या पारीवर टाकायचा आणि धपकन आत उडी मारायचा. ओठ निळे पडेपर्यंत बाहेर यायचा नाही. पुढं आठवी-नववीत केव्हातरी त्यानं बोडीत उतरणं सोडलं. कबड्डी चांगली खेळायचा, तीही सोडली. शकुनबाईला वाटलं, पोरगा अभ्यासाला लागला. गावालाही तसंच वाटलं, कारण नंतर तो आयटीआय करून जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागला, क्वार्टर मिळालं, आणि भोजराजचा पोरगा शहाणा निघाला असं सगळे म्हणू लागले.

खरं कारण अमरनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या वयात त्याची छाती मुलींसारखी वाढली होती. बाकी अंगानं तो वाळक्या काडीसारखा, पण सदरा काढला की दिसायचं. दोस्तांनी एकदा चिडवलं तेवढं पुरलं. त्यानंतर त्यानं कुणासमोर अंगातलं कापड काढलं नाही. नोकरी लागल्यावर पहाटे धावून पाहिलं, जोर मारून पाहिले, रात्रीचं जेवण सोडून पाहिलं. गाल बसले, डोळे खोल गेले, छाती होती तशीच राहिली. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात शेजारच्या क्वार्टरातली माणसं उघडी बसून हवा घ्यायची, तेव्हा हा दार लावून आत, अंगात बनियन आणि वर सदरा.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा अडचण वाढली. शकुनबाईनं दोन स्थळं आणली, दोन्हींना हा नाही म्हणाला. कारण विचारलं तर मान खाली. शेवटी आईनं राखीला कामाला लावलं. राखी त्याची मोठी बहीण, भंडाऱ्याला दिलेली. ती एका रविवारी क्वार्टरवर आली, चहा स्वतःच केला आणि समोर बसून सरळ विचारलं की कुणी मुलगी आहे का मनात. अमर नाही म्हणाला. मग काय आहे, असं तिनं विचारलं, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं त्यानं भिंतीकडे बघत बोलून टाकलं.

राखी हसली नाही. एवढंच म्हणाली की याच्यावर इलाज असतो, मी कुठंतरी वाचलं आहे. पंधरवड्यात दोघं नागपूरच्या एका डॉक्टरपुढं बसले होते. डॉक्टर म्हणाले, ही चरबी नाही, गाठीसारखं मांस आहे, धावून जाणारं नाही. पुष्कळ मुलं येतात. छोटं ऑपरेशन, एक रात्र दवाखान्यात, मग महिना-दीड महिना घट्ट जाकीट घालायचं आणि जड उचलायचं नाही.

ऑपरेशन झालं. घरी सांगितलं की फॅक्टरीचं ट्रेनिंग आहे. दवाखान्यात राखी जवळ बसली. शुद्धीवर आल्यावर अमरनं पहिलं काय केलं असेल तर हात छातीवर ठेवला, आणि पट्ट्यांखाली सपाट लागलं तसं त्याला रडूच आलं. राखीला वाटलं दुखतंय. ती नर्सला बोलवायला धावली.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पण नेमका धानकापणीचा हंगाम लागला. नोकरी लागल्यापासून अमरनं एकही कापणी चुकवली नव्हती. सुट्टी टाकून जायचा, बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, भारे डोक्यावर वाहून आणायचा, बापाबरोबर त्यांची पुंजणं म्हणजे गंजी रचायचा. या वर्षी त्यानं फोनवर सांगितलं की सुट्टी मिळत नाही. शकुनबाई म्हणाली, बरं. बाप फोनवर आलाच नाही.

राखीचं म्हणणं होतं की आता सांगून टाक. झालं गेलं, तू धडधाकट आहेस, यात लपवण्यासारखं काय आहे. अमर तिला हो म्हणायचा आणि फोन ठेवला की पुन्हा तिथंच. आईला सांगता आलं असतं. आई दोन दिवस रुसली असती, मग लाडू घेऊन आली असती. अडत होतं ते बापापाशी.

बापाची अंगकाठी जशीच्या तशी अमरकडे आली होती. तीच वाळकी काडी, तेच लांब हात. आणि भोजराज अंगणात आंघोळ करायचे ती बनियन घालूनच. एकदा, अमर आयटीआयला असताना, रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत बाप ओल्या अंगानं बांधीतून वर आला होता. बनियन अंगाला चिकटलेलं. अमरनं पाहिलं आणि पटकन नजर वळवली. त्या दिवशी त्याला कळलं की हे आपल्याकडे कुठून आलं. आता त्या माणसासमोर जाऊन काय सांगायचं? तुमच्याकडून मिळालेलं मला इतकं नकोसं झालं की मी ते कापून टाकलं, असं? बापानं सारा जन्म काढला तसाच, एक शब्द न बोलता. त्याला सांगणं म्हणजे त्याच्या झाकलेल्या गोष्टीवरचं पांघरूण ओढण्यासारखं. नाहीच सांगायचं, असं अमरनं ठरवलं. मग सकाळी ते ठरवलेलं पुन्हा मोडायचं, कारण आईशी फोनवर खोटं बोलायला जीभ रेटायची नाही.

तिकडं कोंढ्याला वेगळंच रामायण सुरू झालं होतं. राखीनं नागपूरला जाताना सासूला खोटं सांगितलं नव्हतं. भावाचं छातीचं छोटं ऑपरेशन आहे, एवढंच म्हणाली होती. सासू मंदाबाई भल्या स्वभावाची. तिनं काळजीपोटी शकुनबाईला फोन लावला आणि विचारलं की अमरची छाती आता कशी आहे, ऑपरेशन नीट झालं ना. शकुनबाईनं कसंबसं हो म्हणून फोन ठेवला. छातीचं ऑपरेशन म्हणजे काय असतं ते तिला ठाऊक होतं. त्यांच्या गल्लीतले मधुकरराव हृदयाच्या ऑपरेशननंतर वर्षभरही जगले नव्हते.

तिनं नवऱ्याला सांगितलं. दोघांनी मिळून असं ठरवलं की पोरानं लपवलं आहे ते आपल्याला त्रास नको म्हणून, तर आपणही कळलं असं दाखवायचं नाही. शकुनबाईनं देवीला नवस बोलला. भोजराजांनी अर्ध्यावरची कापणी शेजारच्या तेजरामवर सोपवली, आणि रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले.

दार वाजलं तेव्हा अमर कुकर घासत होता. उघडतो तर समोर बाप, खांद्यावर पिशवी. पिशवीत नव्या तांदळाचं गाठोडं, उकडलेले शिंगाडे आणि शकुनबाईनं दिलेल्या लाखोरीच्या डाळीच्या वड्या. अमर घाईनं वाकला तशी टाक्यांना ओढ बसली आणि त्याचा हात आपसूक छातीवर गेला. भोजराजांनी ते पाहिलं. पाणी प्यायले, भिंतीला टेकून बसले, धान कसं झालं ते सांगितलं, तुडतुड्यानं खालच्या बांधीत थोडं खाल्लं ते सांगितलं. अमरनं नव्या तांदळाचा कुकर चढवला आणि ते शिंगाडे सोलत बसले. सोललेला प्रत्येक शिंगाडा अमरपुढं ठेवत होते, स्वतः एकही खात नव्हते.

शिंगाड्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "डाक्टरकडे आता कवा जाचं हाये?"

अमरनं तोंडाशी नेलेला शिंगाडा परत खाली ठेवला.

"मी येतो संग. मले डाक्टरचं काई समजत नाई, पण बाहेर बसून राहीन. तू एकटा काहून जाऊन राहिला?"

कसं कळलं, हे अमरनं विचारलं तेव्हा मंदाबाईच्या फोनची सगळी हकिकत बाहेर आली. हृदयाचं आहे हे बाप धरूनच चालला होता. अमर म्हणाला, हृदय नाही बाबा, हृदय एकदम चांगलं आहे. मग काय, असं विचारल्यावर त्यानं अर्धवट खरं सांगून सुटायचं पाहिलं. गाठ होती, म्हणाला, काढून टाकली. त्यासरशी भोजराजांच्या हातातला शिंगाडा खाली पडला. छातीतली गाठ म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते अमरला लगेच कळलं. आता मागं फिरायला वाटच उरली नव्हती.

तेव्हा त्यानं सांगितलं. आठवीपासूनचं सगळं सांगितलं. बोडी का सोडली, कबड्डी का सोडली, स्थळांना नाही का म्हटलं. बापाकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून शिंगाड्याच्या सालांचा ढीग सारखा करत बोलत राहिला. शेवटी म्हणाला की आजाराचं काही नव्हतं, मला नको होतं म्हणून केलं.

कुकरची शिटी झाली, अमरनं उठून गॅस बंद केला. मग भोजराज म्हणाले, "दाखव."

अमरनं सदरा काढला. आतलं घट्ट जाकीट काढायला त्याला वेळ लागला, तर बापानं उठून मागचे हुक सोडवले. छातीवर पिवळसर निळे डाग होते आणि दोन्हीकडे नखाएवढ्या चंद्रकोरीसारखे टाके. बापासमोर तो असा उघडा उभा राहिला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. भोजराज जवळून पाहत होते, पीक पाहावं तसं, कुठं काही बिघडलं तर नाही ना या नजरेनं.

"दुखलं का?"

"थोडंसं. आता नाई."

त्यांनी मान हलवली. जाकीट परत घालायला मदत केली, हुक एकेक करून लावले. मग खाली बसले आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागले. अमरला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"तू नववीत गेला तवा तुह्ये सदरे मी दोन खिशांचे शिवून आणले. जाड कपड्याचे. तू लय कुरकूर केली, म्हणे म्हाताऱ्यासारखे दिसतेत. ध्यानात हाये?"

अमरच्या ध्यानात होतं.

"माह्येबी तसेच असतेत. वरून खिसे असले का झाकून जाते." त्यांनी आपल्या सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "मले समजलं होतं रे. बोलाची हिंमत नाई झाली. बापानं पोराले काय सांगाव, मले काईच मालूम नव्हतं. याच्यावर डाक्टर असतो हेबी मालूम नव्हतं."

अमर त्यांच्याजवळ जाऊन बसला. मग जे मनात सलत होतं तेच विचारलं, "तुम्हाले राग तं नाई आला? तुमचंच होतं ते."

भोजराजांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "माह्याकडचं सारंच ठेवलं पायजे असं कोठी लिहून हाये? माह्ये गुडघेबी आले तुह्यात, तर तेबी ठेवशीन?" आणि आपल्याच बोलण्यावर ते खुदकन हसले. अमर हसायला गेला तर टाके ओढले, तसा तो छाती धरून कण्हत हसला, आणि बाप हसू नको, हसू नको म्हणत आणखी हसत राहिला.

दुपारी दोघं नवा भात आणि वड्यांची भाजी जेवले. जाताना भोजराज म्हणाले की तुझ्या आईला मी सांगतो, तू फोन करू नको. हृदय नाही एवढं ऐकूनच तिचं अर्धं दुखणं जाईल. अमरनं त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

शकुनबाई दुसऱ्या दिवशी हजर झाली, पिठाचा डबा आणि बोचकं घेऊन, राहायच्या तयारीनं. आल्या आल्या तिनं टाके पाहिले. मग पदर तोंडाला लावला, आणि मग भांडायला सुरुवात केली. ऑपरेशन केलं याचा तिला राग नव्हताच. राग होता तो राखीचा. पोरगा दवाखान्यात पडला असताना जवळ बसायचा मान आईचा, तो बहिणीनं परस्पर घेतला, आणि आई मात्र घरी बसून हृदयाचे नवस बोलत होती. तिनं तिथूनच राखीला फोन लावला आणि मनसोक्त सुनावलं. राखीनं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नवऱ्याला, सासूला घेऊन जेवायलाच आली. मंदाबाईनं माझ्याच फोनमुळं हा घोळ झाला म्हणून कान धरले, तर शकुनबाई म्हणाली, तुम्ही केला म्हणून तर कळलं, आमची लेकरं कुठं सांगणारी.

मंडळी गेल्यावर ती भांडी घासत होती आणि अमर ओट्याला टेकून उभा होता, कारण भांड्याला हात लावायची त्याला बंदी होती. बाबांनी तुला काय काय सांगितलं, असं त्यानं हळूच विचारलं.

शकुनबाईनं हातातलं पातेलं घासून पालथं घातलं, मगच बोलली. "तुह्यं सांगतलं. मंग स्वतःचं सांगतलं. तीस वर्षं होत आली लग्नाले, पहिल्यांदा तोंड उघडलं."

"मंग तू काय म्हणली?"

"काय म्हणणार? मी म्हटलं, मले काय डोळे नव्हते का इतकी वर्षं?" ती हसली आणि पदरानं कपाळावरचं पाणी टिपलं. "तवा बिचारे असे पाहात राहिले माह्याकडे. मंग म्हणाले, चा मांड. मी मांडला."