तिसऱ्या चाचणीचं ऊन

शमिकाचा काळा लेप दोनदा सुटला होता. उन्हावर पाणी तापवणाऱ्या पेट्यांसाठी तो तिनंच प्रयोगशाळेत बनवलेला. तांब्याच्या पट्टीवर बसायचा देखणा, पण काचेखाली ऊन चढलं की कडा उचलायच्या. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मंदार सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, शनिवारी शेवटची चाचणी. नाही टिकला तर बाजारातला काळा रंग लावायचा आणि विषय बंद.

शुक्रवारी ती नवी कोरी पट्टी आणि लेपाची बाटली घेऊन सोनागिरीतल्या घरी आली. वडील काशिनाथ कारखान्याच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले. पट्टी कशानं पुसतेस, त्यांनी विचारलं. तिनं सुती साडीचा मऊ तुकडा दाखवला. नलिनीबाईंनी लेकीसाठी मायेनं फाडून दिलेला.

काशिनाथनी पट्टी नळाखाली तिरकी धरली. पाणी सलग उतरेना, मणी मणी होऊन थबकलं.

"पाणी फुटतंय. तेल आहे हिच्यावर."

"बाबा, ॲसिटोननं धुतलीय मी. एकदम साफ आहे."

"धुतलीस, आणि मग पुसलीस. तुझी आई डोक्याला तेल थापून हीच साडी गुंडाळायची. इंजिनीअर झालीस, पण पाणी बघायला नाही शिकलीस."

नलिनीबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही वेळा मीच नापास केलं पोरीला."

शमिका हसत सुटली. कारण सापडलं होतं. पुन्हा धुतली, पुन्हा धुतली, पाणी एका पदरासारखं सरसरत उतरेपर्यंत. मग कडांनी धरून, न पुसता वाळवली, आणि लेप दिला.

शनिवारी प्रयोगशाळेच्या गच्चीवर दोन पेट्या शेजारी शेजारी, एकीत बाजारचा रंग, दुसरीत तिचा लेप. ऊन आलं, काचेवर टेकलं, काळ्यात उतरलं, उतरतच राहिलं. अकराला दोन्ही बरोबरीत. बारानंतर बाजारचा रंग एकशे आठ अंशांवर अडला. तिचा आकडा चढतच होता, एकशे वीस, एकशे एकतीस, एकशे अडतीस. तिचे पाय जागच्या जागी नाचत होते.

पट्टी निवल्यावर सरांनी कडेवर चिकटपट्टी दाबली आणि खसकन ओढली. उजेडात धरली. कोरी निघाली, काळा कणही नाही. सोमवारी मोठ्या पत्र्यावर घे, एवढंच म्हणाले.

तिनं जिन्यातूनच घरी फोन लावला. काशिनाथनी आकडा विचारलाच नाही.

"कडा?"

"बसल्यात, बाबा. चारही."